इंग्रजी रचनालेखन : भोर व वेल्हे तालुके

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत मराठी माध्यमाच्या शाळांतील मुले तृतीय भाषा म्हणून इंग्रजी शिकतात. (वेल्हे तालुक्याच्या ‘राजगड’ या नावाला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली.) पाठ्यपुस्तकातील उताऱ्यावरची प्रश्नोत्तरे सोडून विद्यार्थी स्वतःच्या मनाने जे लिहितो, म्हणजे पत्र, संवाद, भाषण, अर्धवट गोष्ट पुरी करणे, एखाद्या विषयाची बाजू किंवा प्रतिबाजू मांडणे, ते सारे रचनालेखनात येते. शाळेत त्याला ‘रायटिंग स्किल’ म्हणतात.

राज्यातील मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्याआधी ती पाचवीपासून होती. अधिक वर्षे हाती आली, पण लेखनाची रीत फारशी बदलली नाही. गाइडमधला तयार उतारा पाठ करायचा आणि विषय जुळला की उतरवायचा, हीच सवय टिकून आहे. पत्रलेखनात ती खपून जाते. बाजू-प्रतिबाजूच्या प्रश्नात मात्र विषय थोडा जरी फिरवून आला तरी पाठांतर निरुपयोगी ठरते.

खरे तर स्वतःच्या मनाने कथन करणे आणि वाद मांडणे ही दोन्ही कौशल्ये मुलांना मराठीतून आधीच येत असतात. चिपळूणकरांच्या निबंधमालेपासून (1874) मराठी निबंधाला वादाची सवय आहे, आणि दहावीच्या मराठीच्या पेपरात आत्मकथन व वैचारिक लेखन दोन्ही असते. इंग्रजीच्या तासाला त्या तयारीचा उपयोग करून घेतला जात नाही, ही या विषयातली सर्वांत मोठी उणीव आहे.

‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’ हा नेहमीचा विषय घ्या. गाइडमधला शेतकरी गरीब असतो, कष्टाळू असतो आणि कोणत्याही जिल्ह्यात चालतो. वेल्ह्यातल्या मुलाने मात्र भाताचा राब भाजताना पाहिलेला असतो. तो लिहू शकतो : ‘वी स्प्रेड ड्राय लीव्ह्ज अँड काउ डंग. वी बर्न देम बिफोर द रेन्स. द राइस सीडलिंग्ज ग्रो इन दॅट ॲश.’ वाक्ये साधी आहेत, क्रियापदे नेहमीची आहेत, तरी हा शेतकरी मावळातला आहे हे लगेच कळते.

वादासाठी भाटघर धरणाएवढा चांगला विषय जवळपास दुसरा नाही. वेळवंडी नदीवरचे हे धरण 1928 मध्ये पूर्ण झाले. नीरेच्या कालव्यांनी त्याचे पाणी बारामती, फलटणकडे जाते आणि तिथे ऊस उभा राहतो. ही एक बाजू. धरणाच्या वरच्या डोंगरातील वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची टंचाई सोसावी लागते, ही दुसरी. चांगला विद्यार्थी इथे थांबत नाही. पाणी खाली आणि वाडी वर, म्हणजे उपसा करायला वीज आणि पैसा लागणार, हा अडथळा तो मान्य करतो आणि मग आपली मागणी मांडतो. समोरच्याचा मुद्दा आधी मान्य केल्यावर उत्तराला वजन येते. पानशेत धरण फुटल्याचा 12 जुलै 1961 चा दिवस घरच्या थोरांकडून ऐकलेल्यांना धरणाच्या सुरक्षिततेचा मुद्दाही सुचतो. राजगड किल्ला 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून गडावरील गर्दी हाही असाच जिवंत विषय झाला आहे.

भाषेच्या चुका ठरावीक असतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून इंग्रजी वाक्यातही ते मागे रेंगाळते. ‘अ’, ‘द’ गळतात. ‘मी रोज जातो’ या अर्थी ‘आय ॲम डेली गोइंग’ लिहिले जाते. वादात याहून महाग पडते ती वाक्ये जोडणाऱ्या शब्दांची टंचाई : सगळी वाक्ये ‘अँड’ने जोडली की कारण कुठले आणि परिणाम कुठला हे समजत नाही. ‘बिकॉज’, ‘दो’, ‘देअरफोर’ एवढे तीन शब्द नीट वापरता आले तरी उतारा उभा राहतो.

वर्गात आधी मराठीत दहा मिनिटे वाद होऊ द्यावा, मुद्दे फळ्यावर मराठीतच लिहावेत आणि मग मुलांना एकट्याने इंग्रजीत लिहायला बसवावे. तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक धरावी. लाल शाईने भरलेले पान पाहून मूल पुढच्या वेळी पुन्हा गाइडकडे वळते. भोर-वेल्ह्यातील इंग्रजीच्या शिक्षकांनी निदान आठवी-नववीत तरी गाइड बाजूला ठेवून विषय गावातूनच द्यावेत.