ख्रिश्चन-मुस्लिम युद्ध म्हणवलेल्या लढाईत चर्चनेच मुस्लिमांना आसरा का दिला?

मध्य आफ्रिकन प्रजासत्ताक हा देश आकाराने महाराष्ट्राच्या दुप्पट, पण लोकसंख्या जेमतेम 50-60 लाख. जमिनीत हिरे आणि सोनं आहे, तरी जगातल्या सर्वात गरीब देशांमध्ये त्याची गणना होते. बहुसंख्य लोक ख्रिश्चन, मुस्लिम अल्पसंख्य. 1960 साली फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळालं, तेव्हापासून सत्तापालट आणि बंडं काही थांबलेली नाहीत.

मार्च 2013 मध्ये 'सेलेका' या बहुतांश मुस्लिम बंडखोरांच्या आघाडीने राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा बोझिझे यांना सत्तेवरून हटवलं. पाठोपाठ लूटमार आणि हत्या सुरू झाल्या. त्याविरुद्ध 'अँटी-बालाका' नावाच्या टोळ्या उभ्या राहिल्या. 5 डिसेंबर 2013 रोजी त्यांनी राजधानी बांगीवर हल्ला केला आणि नंतर सामान्य मुस्लिमांनाच लक्ष्य केलं. बातम्यांमध्ये त्यांना 'ख्रिश्चन मिलिशिया' म्हटलं गेलं. गळ्यात ताईत बांधून फिरणाऱ्या या टोळ्यांना हे नाव देण्यावर चर्चच्या नेत्यांचा मात्र कायम आक्षेप होता.

लोक चर्चकडेच का धावतात? कारण साधं आहे. राजधानीबाहेर सरकार जवळपास दिसतच नाही. शाळा, दवाखाना आणि चार पक्क्या भिंती असतात त्या मिशनच्या. 2013 मध्ये बोसांगोआ शहरात सेलेकाच्या भीतीने 30 हजारांहून जास्त ख्रिश्चन कॅथेड्रलच्या आवारात राहत होते. पुढच्या वर्षी पारडं फिरलं आणि आसरा मागणारे मुस्लिम होते. बोसेम्प्तेले इथल्या मिशन रुग्णालयात फादर बर्नार किन्वी यांनी शेकडो मुस्लिमांना ठेवून घेतलं. बांगासूमध्ये 2017 साली सुमारे 2 हजार मुस्लिम कॅथलिक सेमिनरीत राहिले. बाहेर अँटी-बालाकाचे बंदूकधारी होते, म्हणजे पाद्री इथे स्वतःला ख्रिश्चन म्हणवणाऱ्यांपासूनच त्यांना वाचवत होते!

बांगीत आर्चबिशप द्येदोने न्झापालाइंगा यांनी इमाम उमर कोबिन लायामा यांना कुटुंबासह आपल्या घरी आणलं. इमाम तिथे अनेक महिने राहिले. हे दोघे आणि इव्हँजेलिकल पास्टर निकोला गेरेकोयामे-बांगू असे तिघं मिळून देशभर फिरले, गावोगावी एकत्र बोलले. हा धर्माचा नव्हे तर सत्तेचा आणि संपत्तीचा झगडा आहे, असं त्यांचं म्हणणं. नोव्हेंबर 2015 मध्ये पोप फ्रान्सिस बांगीला आले, तेव्हा ते कॅथेड्रलसोबत मुस्लिम वस्तीतल्या मशिदीतही गेले.

पण चर्चच्या भिंती नेहमीच वाचवू शकल्या नाहीत. बांगीतल्या फातिमा चर्चवर 2014 आणि 2018 असा दोनदा हल्ला झाला. दुसऱ्या वेळी तर प्रार्थना सुरू असताना. नोव्हेंबर 2018 मध्ये अलिन्दाओच्या कॅथेड्रलशेजारची विस्थापितांची छावणी जाळली गेली. त्यात डझनावारी माणसं मारली गेली, दोन पाद्रीही.

धर्माचं लेबल किती तकलादू होतं, हे डिसेंबर 2020 मध्ये दिसलं. सेलेकातून फुटलेले गट आणि अँटी-बालाकाचे गट निवडणुकीच्या तोंडावर सरकारविरुद्ध एकाच आघाडीत आले. काही महिन्यांतच या आघाडीचं नेतृत्व बोझिझे यांच्याकडे गेलं, म्हणजे ज्यांना सेलेकाने 2013 मध्ये हटवलं होतं त्यांच्याकडेच.