परतीचा भार : बार्शी लाईट रेल्वेच्या दुसऱ्या जन्माविषयी

छोट्या रेल्वेविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा प्रवाशाच्या खिडकीतून केलेले असते. इंजिनाचा धूर, चढावर मंदावणारी गाडी, आडवाटेच्या स्थानकावरचे कडुनिंबाचे झाड आणि एके दिवशी हे सारे संपल्याची हुरहुर, असा त्याचा ठरलेला क्रम. या स्मरणरंजनाविषयी आमची तक्रार नाही. परंतु इतिहास म्हणून ते अपुरे पडते, कारण यांपैकी बहुतेक मार्ग माणसांसाठी बांधले गेलेच नव्हते. ते मालासाठी होते. इंग्रजी ‘वॅगन’ या शब्दाची मराठीने ‘वाघीण’ केली आणि मालधक्क्यावरच्या हमालापासून आडत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी तो शब्द रुळला. मात्र स्मरणलेखनात ही वाघीण क्वचितच भेटते. प्रस्तुत लेखात बार्शी लाईट रेल्वेची कथा आम्ही वाघिणीच्या बाजूने सांगू इच्छितो. कारण ही रेल्वे कशी जन्मली, कशी थकली आणि पुन्हा कशी उभी राहिली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ती काय वाहून नेत होती यात आहेत.

मालवाहतुकीच्या धंद्यात परतीच्या भाराला फार महत्त्व असते. भरून गेलेली गाडी रिकामी परत आली तर निम्मा खर्च वाया गेला, हे बैलगाडीवाल्यालाही ठाऊक होते आणि आज ट्रकवाल्यालाही ठाऊक आहे. प्रदेशातून काय बाहेर जाते आणि बदल्यात आत काय येते, एवढ्या दोन नोंदी जरी नीट वाचल्या तरी त्या प्रदेशाचा बराचसा आर्थिक इतिहास हाती लागतो. बार्शी लाईटच्या बाबतीत तर हा परतीचा भार येण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मुंबईहून मद्रासकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत आला, पण त्याने बार्शीला बगल दिली. वास्तविक बार्शी ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातून, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखातून, गाड्यांच्या रांगा येथे उतरत. येथून पुढचे सुमारे २२ मैल हा माल पुन्हा बैलगाडीनेच स्थानक गाठी. ते स्थानक कुर्डू गावाजवळचे. नाव मात्र ‘बार्शी रोड’. रेल्वेच्या भाषेत नावापुढे ‘रोड’ लागले की खरे गाव तेथून दूर आहे असे समजावे. या २२ मैलांचे अंतर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या नजरेत भरले. १८८२ साली तो जी. आय. पी.च्या नोकरीत आला होता. सरकारशी दीर्घकाळ वाटाघाटी केल्यावर १८९५ मध्ये लंडन येथे बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली मार्ग खुला झाला.

कॅलथ्रॉपच्या कल्पकतेकडे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. दोन फूट सहा इंच रुंदीचा मार्ग, यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळ, आणि इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा दंडक. भार सर्व चाकांवर सारखा वाटला गेला की हलका रूळही टिकतो आणि वाघिणीत इंजिनाच्या आसाइतकाच भार भरता येतो, असे हे गणित होते. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे, म्हणजे वजनाला हलके आणि भाराला खंबीर. स्वस्तात बांधलेला मार्ग म्हणजे कामचलाऊ मार्ग नव्हे, हे त्याला सिद्ध करावयाचे होते आणि ते त्याने केले. पुढे या गृहस्थाने पहिल्या महायुद्धाच्या काळात हवाई छत्री घडवली आणि अश्वपालनावर ग्रंथही लिहिला. ओझे आणि ते वाहणारा यांच्या नात्याचा विचार त्याने आयुष्यभर केला असे म्हणावयास हरकत नाही.

मार्ग वाढत गेला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला पोहोचला, १९११ मध्ये निजामी मुलखातील लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी २०२ मैल झाली. पंढरपूरचा फाटा हा परतीच्या भाराचाच एक शोध होता असे आम्हांस वाटते. कापूस हंगामी आणि एकमार्गी; यात्रेकरू मात्र जातो आणि परतही येतो. यात्रेच्या गर्दीत मालडब्यांतून माणसे वाहण्याची प्रथा त्या काळच्या हिंदी रेल्वेत रूढच होती. आपल्या वाङ्मयात पंढरीची वाट म्हणजे पायवाट. त्याच वाटेवर तिकीट काढून वाघिणीत उभा राहिलेला वारकरी आपल्या कवितेला फारसा दिसला नाही.

आता १८९७ या सालाकडे पुन्हा वळू. १८९६-९७ हे सोलापूर भागात भीषण दुष्काळाचे वर्ष होते. दुष्काळावर उपाय म्हणजे रेल्वे, हे तेव्हाच्या सरकारी विचाराचे सूत्र होते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्गांच्या विस्ताराची शिफारस केली होती. जेथे धान्य आहे तेथून जेथे नाही तेथे ते वेगाने नेता येईल, असा त्यामागील युक्तिवाद. रमेशचंद्र दत्तांसारख्या अभ्यासकांचा आक्षेप असा की सरकारने लोहमार्गांवर भरमसाट खर्च केला आणि पाटबंधाऱ्यांची उपेक्षा केली. शेतकऱ्याला गाडीपेक्षा पाण्याची गरज अधिक होती. ‘लोहमार्ग की पाटबंधारे’ हा वाद विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. तो पुढे याच मार्गावर किती विलक्षण रीतीने पुन्हा उभा राहिला, ते आता पाहू.

१९५४ साली सरकारने ही कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत समाविष्ट झाला. त्यानंतरची कथा क्षीण होत जाण्याची आहे. याचे मुख्य कारण कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर सापडते. छोट्या मार्गावरची वाघीण मोठ्या मार्गावर जाऊ शकत नाही. प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते उतरवून पुन्हा चढवावे लागते. त्यात हमाली, वेळ, फूटतूट आणि तंटे सारेच आले. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे सोसण्याजोगे होते. ट्रक आला आणि तो व्यापाऱ्याच्या दारातून माल उचलून थेट मुंबईच्या गोदामात उतरवू लागला, तेव्हा या अदलाबदलीचा निभाव लागणे शक्य नव्हते. कॅलथ्रॉपला हे दुखणे ठाऊक होते. इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यात १९०४ साली सुरू झालेल्या छोट्या रेल्वेवर त्याने मोठी वाघीण छोट्या गाड्यावर उचलून नेण्याची युक्ती केली होती. तीही त्या मार्गाला तारू शकली नाही. तेथला मुख्य माल म्हणजे दूध. दुधाचा कारखाना बंद पडला आणि १९३४ साली रेल्वेही बंद झाली. आज तेथे फिरावयास येणाऱ्यांची पायवाट आहे.

बार्शी लाईटच्या वाट्याला ही गत आली नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज करण्यात आला. काही ठिकाणी त्याची आखणीही बदलली. जुन्या मार्गाने ज्याला दूर ठेवले होते ते उस्मानाबाद (आजचे धाराशिव) नव्या आखणीत रेल्वेवर आले. लातूर हे शेवटचे स्थानक राहिले नाही. तेथून मार्ग पुढे लातूर रोडला जाऊन मिळाला. कॅलथ्रॉपचे रूळ, त्याच्या वाघिणी, त्याचे पाच टनांचे गणित यांतले काहीही या मार्गावर उरले नाही. मग याला पुनरुज्जीवन म्हणावे की सन्मानपूर्वक केलेला अंत्यविधी?

या प्रश्नाचे उत्तर एप्रिल २०१६ मध्ये मिळाले. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या साठ्यांभोवती जमावबंदीचा आदेश लागू करण्याची पाळी प्रशासनावर आली होती. अशा स्थितीत ‘जलदूत’ या नावाने पाण्याची गाडी मिरजेहून निघाली आणि १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. त्यासाठीच्या टाक्या राजस्थानातील कोटा येथे आतून स्वच्छ करून आणल्या होत्या. पहिल्या गाडीला अशा १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: ही वाट बार्शी लाईटचीच. कापूस ज्या वाटेने शंभर वर्षे बाहेर गेला त्याच वाटेने कृष्णेचे पाणी आत आले. आम्ही ज्याला परतीचा भार म्हणत आहोत तो हाच.

जुन्या मार्गाला हे जमले असते काय? हिशेब सोपा आहे. चार आसांच्या वाघिणीचे, तिच्या स्वतःच्या वजनासह, एकूण वजन २० टन. ५० टन पाण्याची एक टाकी वाहण्यास अशा किमान तीन वाघिणी लागल्या असत्या, आणि ब्रॉडगेजच्या टाक्या तर त्या रुळांवर चढल्याच नसत्या. तेव्हा छोट्या गाडीच्या प्रेमापोटी रुंदीकरणाला नाके मुरडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. विदर्भातील ‘शकुंतला’ आपल्या जुन्या देहासह टिकून राहिली. तिच्याविषयी जिव्हाळ्याने बरेच लिहिले गेले, पण २०१० नंतरच्या दशकात तिच्या दोन्ही फाट्यांवरील गाड्या एकामागून एक थांबल्या. माल गेला की जिव्हाळा एकटा रेल्वे चालवू शकत नाही.

तरीही जलदूताचा केवळ गौरव करून थांबणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ५० वाघिणींचे पाणी म्हणजे २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणजे एका गाडीने माणशी साडेसहा लिटर पाणी आले. तहान भागेल एवढे. त्याहून अधिक नाही. आणि ज्या प्रदेशासाठी हे पाणी ३४२ किलोमीटरवरून आणावे लागले त्याच प्रदेशात ऊस उभा होता आणि साखर कारखाने होते. साखरेच्या पोत्यातून बाहेर जाणारे पाणी कोणत्याही मालधक्क्यावर नोंदले जात नाही. दत्तांचा आक्षेप येथे नव्या रूपात समोर येतो. शंभर वर्षांपूर्वी विचारले गेले होते, लोहमार्ग की पाणी? २०१६ साली लोहमार्गानेच पाणी आले. परंतु त्यामुळे पाण्याच्या नियोजनाचा प्रश्न मिटला नाही, उलट तो सर्वांच्या डोळ्यांसमोर रुळांवर उभा राहिला.

या मार्गाचे पुनरुज्जीवन खरे आहे असे आमचे मत आहे. २०२० च्या अखेरीस लातूरच्या कारखान्यातून रेल्वेडब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. पूर्वी कच्चा माल पाठविणारे गाव आता रेल्वेलाच घडीव माल पाठवू शकते. कुर्डुवाडीच्या जुन्या कार्यशाळेचेही काम थांबलेले नाही. पण एखादा मार्ग जिवंत झाला म्हणजे त्याच्या काठचा प्रदेश सावरला, असे समीकरण मांडता येत नाही. रूळ फक्त वाहतात. काय बाहेर पाठवायचे आणि काय आत आणायचे हे रुळांच्या काठी राहणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांनी ठरवावयाचे असते. १८९७ साली तो निर्णय लंडनमध्ये झाला, असे म्हणण्याची सोय होती. आज ती नाही. म्हणूनच या रेल्वेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने खिडकीतून उठून एकदा मालधक्क्यावर जावे आणि तेथल्या आवक-जावकीच्या वह्या उघडाव्यात, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.