मडक्यात मडके

बाष्पीभवनाचा धडा आला की आम्ही दरवर्षी माठाचे उदाहरण देतो. मुले माना डोलावतात आणि धडा संपतो. हाच धडा एका शिक्षकाने शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला, ही हकीकत आम्हाला फार उशिरा कळली.

उत्तर नायजेरियातील जिगावा हा उष्ण, कोरडा, हौसा मुसलमानांचा मुलूख. खेड्यांत वीज नाही. घाम गाळून पिकवलेले टोमॅटो, मिरची, वांगी दोन-तीन दिवसांत सडत. शेतकरी पडेल त्या भावाने माल विकून मोकळा होई, उरलेला फेकून देई. हाती आलेले रिज़्क असे मातीत जायचे. त्यातच विवाहित स्त्रिया फारशा घराबाहेर पडत नसल्याने माल डोक्यावर घेऊन रोज विकायला जाण्याचे काम लहान मुलींकडे येई. भाजी उद्यावर ठेवता येत नाही, म्हणून मुलगी आज मदरशात किंवा शाळेत नाही, असा हा हिशेब होता.

मोहम्मद बाह अब्बा (जन्म १९६४) हे मडकी घडवणाऱ्या घराण्यातले. दुत्से येथील पॉलिटेक्निकमध्ये ते शिकवीत. १९९५ साली त्यांनी एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवले, मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि वर ओले फडके टाकले. वाळूतले पाणी बाहेरच्या मडक्याच्या छिद्रांतून झिरपून हवेत उडते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. वाळू दिवसातून दोनदा भिजवायची, एवढीच मेहनत. तीन दिवसांत खराब होणारी वांगी २७ दिवस टिकली, टोमॅटो आणि मिरची तीन आठवडे, तर एका दिवसात जाणारी पालेभाजी १२ दिवस.

खरे तर हे तत्त्व नवे नव्हते. पाणी गार ठेवणारा अरबांचा 'झीर' जुनाच, आणि पाणी मारलेल्या खसच्या ताट्यांचे वर्णन अबुल फज़लने 'आईने अकबरी'त केले आहे. पण बादशहाच्या गारव्यातून गरिबाची भाजी वाचवावी, हे अब्बांनी मनावर घेतले! आमच्या मते अब्बांचा मोठेपणा इथेच आहे. त्यांनी गावच्या कुंभारांना कामाला लावले आणि पहिली ५,००० मडकी मोफत वाटली. लोक निरक्षर, म्हणून स्थानिक नटांकडून नाटक बसवून त्याचे चित्रण केले आणि कापडी पडद्यावर गावोगाव दाखवले. (आम्ही बी.एड.ला 'शैक्षणिक साधने' हा विषय पाठ केला होता, तो असा वापरलेला कुठे पाहिला नाही.) २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. २०१० साली ते वारले.

भारतातही १९८० च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत याच तत्त्वावर विटांच्या दुहेरी भिंती आणि मधे ओली वाळू असा 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' तयार झाला. तो आमच्या भागात आम्ही एकाही मळ्यावर पाहिलेला नाही. कोकणातल्या वाचकांनी मात्र घाई करू नये. दमट हवेत पाणी सावकाश उडते, मडके फारसे थंड होत नाही. मराठवाडा, खानदेश, सोलापूरचा कोरडा उन्हाळा याला अनुकूल.

गेल्या एप्रिलात आम्ही शाळेच्या व्हरांड्यात अशी जोडी मांडली. सातवीतल्या एका मुलीने घरून टोमॅटो आणले. तोडणीच्या दिवसांत तिचे नाव हजेरीत सलग गैरहजर असते. आठव्या दिवशी टोमॅटो चिरून तिने सर्वांना वाटले आणि विचारले, "सर, असं मडकं कितीला मिळेल?"