आठव्या तासापर्यंत

झेलमच्या लढाईतली घड्याळाची वेळ एकच नोंदलेली आहे. प्लूटार्क सांगतो, दिवसाच्या आठव्या तासाला सिकंदरापुढे पोरसची फौज हरली. ग्रीक माणूस तास सूर्योदयापासून मोजायचा, म्हणजे आपल्या हिशेबाने दुपारचे दोन वाजून गेले असतील. वर्ष इसवी सनापूर्वी ३२६. आदल्या रात्रीपासून त्या दुपारपर्यंत काय कशानंतर घडलं, हे एरियन आणि कर्टियस या जुन्या इतिहासकारांच्या वर्णनांतून बऱ्यापैकी लावता येतं. खालच्या वेळा मी त्या क्रमावरून लावल्या आहेत.

आम्ही ही लढाई टेबलावर खेळतो. सोलापुरात सात रस्त्यापाशी, सिटी बसच्या डेपोपासून जवळच एका मित्राची वरच्या मजल्यावरची खोली आहे. तिथे पंधरा मिलिमीटर मापाच्या फिगर घेऊन पोरस विरुद्ध सिकंदर मांडायचं. नियम डीबीएचे, म्हणजे ‘डे बेलिस अँटिक्विटाटिस’चे. फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांनी ते १९९० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येकाकडे बारा बेस, म्हणजे तुकड्या, असतात. आपल्या पाळीला फाशावर जेवढा आकडा पडेल तेवढ्याच तुकड्या हलवायच्या. चार बेस गेले आणि समोरच्याचे त्याहून कमी गेले असतील, तर डाव संपला. स्पर्धेत प्राचीन भारतीय सेना घेऊन उतरणारा माणूस हत्तींच्या जोरावर भांडतो आणि रथांमुळे मार खातो, हे नेहमीचं चित्र. रथ कालबाह्य झाले होते म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. झेलमकाठी रथ हरले ते भल्या सकाळी घेतलेल्या एका निर्णयामुळे.

सूर्यास्त

नदी अजून पोरसच्या बाजूने आहे. पात्र फुगलेलं, समोरच्या काठावर हत्तींची रांग. हत्ती पाहिल्यावर आपले घोडे काठावर चढायचे नाहीत, उलट तराफ्यांवरून पाण्यात उड्या घेतील, हे सिकंदर ओळखून आहे. म्हणून त्याने आधी कित्येक रात्री नुसती हूल दिली. घोडदळ काठाने दौडवायचं, रणगर्जना करायच्या, गलका उठवायचा. पोरस दर वेळी हत्ती घेऊन समोरासमोर चालत राहिला. शेवटी पलीकडून नुसताच आरडाओरडा होतो आणि कुणी येत नाही असं दिसल्यावर त्याने हत्ती हलवणं थांबवलं आणि काठावर ठिकठिकाणी टेहळे बसवले.

त्या संध्याकाळी मोठ्या छावणीत सिकंदरचा सेनापती क्रेटेरस थांबतो, नेहमीसारखे जाळ पेटतात. सिकंदर नदीपासून आत राहून, गुपचूप, वरच्या अंगाला दीडशे स्टेडिया म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर निघून जातो. तिथे नदीला वळण आहे आणि मध्ये दाट झाडीचं बेट आहे. चामड्याच्या पखालींत गवत भरून त्या शिवणं चालू आहे. तुकडे करून आणलेल्या होड्या पुन्हा जोडल्या जातायत.

डीबीएमध्ये भूप्रदेश मांडण्याचा हक्क बचाव करणाऱ्याला असतो. पोरसला तो प्रत्यक्षातही मिळाला होता. नदी त्याने स्वतः निवडली होती आणि ती उत्तम निवड होती.

मध्यरात्र

वादळ होतं. गडगडाट आणि पाऊस एवढा की शस्त्रांचा खणखणाट, हुकूम, काहीच पलीकडे जात नाही. सगळ्या वर्णनांत या पावसाचं श्रेय सिकंदरला मिळतं, कारण त्याची चाहूल झाकली गेली. पाऊस त्याच वेळी दुसरंही एक काम करत होता आणि माझ्या मते ते जास्त मोठं होतं. पूर्वेच्या काठावरची सगळी जमीन भिजत होती.

काळ्या रानात पावसानंतर बैलगाडी घातलेल्या सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आधी धावेला माती चिकटते, मग आऱ्यांमध्ये भरते, मग चाक फिरायचं सोडून नुसतं फरफटतं. बैल जीव खाऊन ओढतात आणि आस वाकायला लागते. झेलमकाठची माती गाळाची, आपली काळी, पण ओझ्याखाली चाक दोन्हीकडे बसतंच.

आणि ओझं किती? कर्टियसच्या वर्णनात एका रथाला चार घोडे आणि वर सहा माणसं आहेत: दोन ढालवाले, दोन्ही बाजूंना एकेक धनुर्धारी आणि दोन सारथी. हे सारथी हातघाईला आले की लगाम सोडून भाले फेकायचे. आमच्या टेबलावर हा रथ चाळीस मिलिमीटर रुंद बेसवर बसतो. बाकी फौजेशेजारी ठेवला तरी तो अवजड दिसतो. चार घोड्यांच्या माना रंगवून झाल्या की मागची माणसं ठेवायला जागा उरत नाही. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेला काशाचा रथ ज्यांनी पाहिला असेल त्यांना फरक लगेच कळेल. तो पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीचा, दोन बैल जुंपलेला, आणि वर उभा माणूस एकच. लांब दांडीवर तो एकटा माणूस किती मोकळा उभा आहे! पोरसच्या रथावर हात हलवायला जागा नव्हती.

पहाट

वारा पडतो, पाऊस थांबतो. होड्या आणि तराफे बेटाच्या आडोशाने निघतात. बेट ओलांडून उघड्यावर येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मग टेहळ्यांना दिसतं आणि ते घोडी पिटाळत पोरसकडे सुटतात.

सिकंदर काठाला उतरतो आणि तो काठच नसतो. ते दुसरं बेट निघतं. मधला ओघ एरवी उथळ असतो, पण रात्रीच्या पावसाने चढलेला. उतार सापडता सापडत नाही. शेवटी माणसं छातीभर पाण्यातून चालतात, घोड्यांची नुसती डोकी वर.

या घटकेला सिकंदर जितका उघडा पडला होता तितका त्या दिवसात पुन्हा पडला नाही. भिजलेली, विस्कळीत, निम्मी पाण्यात असलेली फौज. त्या काठावर पोरसची एखादी तुकडी असती तर लढाई तिथेच फिरली असती.

उजाडताना

टेहळे पोचतात. आता पोरसपुढे जो प्रश्न आहे, तो टेबलावर आमच्याकडे दर वेळी वाद उकरतो.

“पोराला पाठवू नको बे,” समोरचा मित्र म्हणतो. तो सिकंदर खेळतोय, तरी त्याला राहवत नाही.

“मग काय करू? बातमी खरी की परत हूल, हे कळायला कुणीतरी जायलाच पाहिजे ना?”

“मग घोडी पाठव. रथ कशाला?”

पोरसच्या नजरेसमोर क्रेटेरस मोठ्या छावणीसह जागच्या जागी दिसत होता. कित्येक रात्री हूल खाल्लेल्या माणसाला आजची चाल खरी आहे हे कशावरून पटावं? त्याने मधला मार्ग काढला. मुलाला काही घोडदळ आणि रथ देऊन पुढे धाडलं, स्वतः थांबला.

किती रथ, याबद्दल जुन्या लेखकांत मतभेद आहेत. सिकंदरबरोबर असलेला अॅरिस्टोबुलस म्हणतो साठ. टॉलेमी, तोही त्या लढाईत होता, म्हणतो एकशे वीस रथ आणि दोन हजार स्वार. एरियन टॉलेमीच्या बाजूने उभा राहतो, आणि त्याचं कारण कुठल्याही खेळाडूने वहीत लिहून ठेवावं असं आहे. साठ रथ टेहळणीला पाठवायला फार जास्त आणि माघारी फिरायला अवघड. उतरणाऱ्या शत्रूला अडवायचं म्हटलं तर मुळीच पुरे नाहीत.

एरियनने हा मुद्दा आकडा ठरवायला वापरला. माझ्या मते पोरसचं सगळं दुर्दैव त्यातच आहे. एकशे वीस धरले तरी उत्तर बदलत नाही. तेवढे रथ शोध घ्यायला जड होते आणि थोपवायला अपुरे.

दिवसाचा पहिला-दुसरा तास

अॅरिस्टोबुलसचं म्हणणं असं की राजपुत्र शेवटचा ओघ पार व्हायच्या आधी पोचला होता. रथांवरून खाली उड्या टाकून लोक पाण्याच्या कडेला भिडले असते तर सिकंदरला उतरता आलं नसतं. पण रथ तसेच पुढे निघून गेले. टॉलेमी हे मानत नाही. त्याच्या मते राजपुत्र आला तेव्हा सगळे पार झालेले होते. खरं काहीही असो, दोघांच्याही हिशेबात रथ वेळेला कमी पडतात. भिजलेल्या जमिनीवरून सहा माणसांचं ओझं घेऊन ते एवढ्या अंतरावर लवकर कसे पोचणार?

सिकंदर आधी धनुर्धारी स्वार सोडतो, मग स्वतः घोडदळ घेऊन टप्प्याटप्प्याने चढतो. पुढचं चित्र कर्टियसने रंगवलंय. रथ भरधाव सुटले तेव्हा समोरची मॅसिडोनियाची पायदळं पहिल्या धडकेत चेंगरली गेली खरी. पण निसरड्यावर रथ गचके खात घसरले आणि सारथी बाहेर फेकले गेले. काहींचे घोडे बिथरून रथासकट डबक्यांत आणि नदीत घुसले. उरलेले चिखलात रुतून बसले.

राजपुत्र मारला गेला, चारशे स्वार पडले. रथ घोड्यांसकट सापडले, कारण पळायला जड आणि लढायला चिखलात निकामी, असं एरियन म्हणतो. महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला इथे कर्ण आठवल्याशिवाय राहत नाही. पण कर्णाच्या चाकामागे शाप होता. इथे रात्रभर पाऊस पडलेला सगळ्यांनी पाहिला होता.

डीबीएत खराब जमिनीवरच्या रथाच्या लढाईच्या आकड्यातून दोन वजा होतात. एवढ्याशा दोनाने फासा कितीही चांगला पडला तरी हात बांधल्यासारखे होतात. मित्राने तपकिरी फेल्टचा तुकडा चिखल म्हणून अंथरला आणि माझा पहिला रथ त्यावर चढला, तेव्हा त्याने फासा टाकायच्या आधीच बेस उचलायला हात पुढे केला होता.

तिसरा ते पाचवा तास

आता पोरस जे करतो ते निर्दोष आहे, आणि त्यामुळेच सकाळचा निर्णय जास्त सलतो. काठावर थोडे हत्ती आणि माणसं क्रेटेरसला धाक म्हणून ठेवून तो बाकीचं सगळं घेऊन निघतो. एरियनचे आकडे: चार हजार स्वार, तीनशे रथ, दोनशे हत्ती, तीस हजार पायदळ. चिखल संपून वाळूमुळे सपाट आणि घट्ट झालेली जमीन दिसेपर्यंत तो चालत राहतो. तिथे घोडे वळवता येतील असं पाहून तो थांबतो.

कौटिल्याने रथांसाठी जमीन कशी असावी ते सांगितलंय: सपाट, घट्ट, चाक आणि आस न धरणारी, झाडंझुडपं, खळगे, वारुळं, ओल नसलेली. त्याच यादीत वाळूही नको म्हटलंय. पावसाने दबलेली वाळू मात्र चालताना घट्ट लागते, आणि पोरसने ते डोळ्यांनी पारखलं. एवढी जाण असलेल्या माणसाने उजाडताना मुलाला ओल्या रानात पाठवलं.

मांडणी अशी: पुढे शंभर-शंभर फुटांवर हत्ती, त्यांच्या मागे आणि मधल्या फटींत पायदळ, दोन्ही टोकांना घोडदळ, घोडदळाच्या पुढे रथ. सिकंदर ही भिंत पाहतो आणि थांबतो. मागून येणाऱ्या पायदळाला दम घेऊ देतो, घोडदळ त्यांच्याभोवती फिरवत ठेवतो.

सहावा-सातवा तास

सिकंदर हत्तींकडे फिरकत नाही. सगळा जोर एका बाजूच्या घोडदळावर, म्हणजे तिथल्या रथांवरच. धनुर्धारी स्वार बाण टाकतात. सिकंदरचा सरदार कोइनस वळसा घालून मागून येतो. पोरसच्या घोडदळाला एकाच वेळी दोन्हीकडे तोंड करावं लागतं, ओळ मोडते आणि ते हत्तींच्या आश्रयाला धावतात. मधे अडकलेल्या रथांना ना वळायला जागा ना दौडायला. रथाचा जीव पुढच्या मोकळ्या पट्ट्यात असतो. स्वतःचंच घोडदळ मागे दाटलं की चांगल्या जमिनीवरचा रथही चिखलातल्यासारखाच होतो.

टेबलावर हे फार लवकर घडतं. माझा एक रथ बाणांनी मागे ढकलला गेला, मागे स्वत:चाच बेस असल्याने त्याला जागा मिळाली नाही, आणि दोन पाळ्यांत ती बाजू रिकामी झाली. हत्ती मात्र शेवटपर्यंत भयंकर होते. प्रत्यक्षातही मॅसिडोनियाच्या दाट फळीला त्यांनी तुडवलं. जखमी होऊन माहूत गमावल्यावर त्यांनी आपपर पाहिलं नाही आणि कोंडलेल्या जागेत आपलीच माणसं जास्त चिरडली.

आठवा तास

क्रेटेरस नदी पार करून ताज्या दमाने येतो, पळणाऱ्यांच्या मागे लागतो. एरियन वीस हजारांच्या आसपास पायदळ आणि तीन हजार स्वार पडल्याचं लिहितो. डायोडोरस बारा हजारांहून जास्त म्हणतो. पोरस हत्तीवर, उजव्या खांद्याला जखम, तरी शेवटपर्यंत मैदानात. त्याचं राज्य त्याला परत मिळालं, वर मुलूखही मिळाला. दुसरा मुलगाही त्या दिवशी गेला. रथांबद्दल एरियन थोडक्यात सांगतो: सगळे मोडले.

पण रथ संपले नाहीत. पुढच्या काही दशकांत ग्रीक वकील मेगॅस्थेनीस पाटलीपुत्राला राहून गेला, तेव्हा मौर्यांच्या सैन्याचा कारभार पाहणाऱ्या सहा मंडळांपैकी एक रथांचं होतं. स्ट्रॅबोने त्याच्या आधाराने दिलेला तपशील मला फार मोलाचा वाटतो. रथावर सारथ्याखेरीज लढवय्ये दोनच. आणि कूच करताना रथ बैलांनी ओढायचे, घोडे नुसते कासऱ्याने शेजारून चालवायचे, म्हणजे त्यांचे पाय सोलवटायचे नाहीत आणि लढाईआधी त्यांची उमेद जायची नाही. सहा माणसांच्या जागी तीन. हे झेलममुळेच बदललं असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, तरी रथ हलके ठेवायचे आणि घोडे मैदानापर्यंत ताजे न्यायचे, एवढी दक्षता त्यात स्पष्ट दिसते. म्हणून मी टेबलावर तोच रथ घेतो. जमीन मांडायची पाळी माझ्याकडे आली की चिखलाचा तुकडा मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यात ढकलतो, आणि समोरचा कुठून येतोय हे पुरतं दिसेपर्यंत एकही रथ ओळीबाहेर काढत नाही.