५० केबीचा फोटो आणि एक नाकारलेला अर्ज

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. "दादा, भरतीचा फॉर्म भरतोय, आज शेवटची तारीख आहे आणि फोटो अपलोडच होत नाहीये. ५० केबीच्या आत पाहिजे म्हणे!" फोटो होता ४ एमबीचा. पाच मिनिटांत तो बारीक केला, फॉर्म गेला. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "पण एवढा मोठा फोटो एवढ्याशात बसला कसा?" आजचा एपिसोड त्याच्यासाठी.

आधी थोडं गणित. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट. एकूण ३६ एमबी. सेव्ह करतानाच फोन ते ४ एमबीवर आणतो. बरं, फॉर्मला लागतो तसा २०० बाय २३० पिक्सेलचा केला, तरी कच्चा डेटा १३५ केबीच्या आसपास भरतो. म्हणजे नुसती लांबी-रुंदी कमी करून भागत नाही. काहीतरी टाकून द्यावंच लागतं. पण काय टाकायचं?

याचं उत्तर शोधणारा माणूस बंगळूरचा. नासिर अहमद, जन्म १९४०. इंजिनिअरिंग बंगळूरला केलं, पीएचडी अमेरिकेत न्यू मेक्सिकोला, आणि नंतर कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाले. चित्रातली माहिती थोडक्या आकड्यांत गोळा करण्याची एक उत्तम पद्धत तेव्हा माहीत होती, पण तिचं गणित फार जड. अहमदांना वाटलं, साध्या कोसाइन लहरी वापरून जवळपास तेच काम होईल. हो, अकरावी-बारावीत आपल्याला छळणारा तोच कोसाइन!

१९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे संशोधनासाठी पैसे मागितले. अर्ज नाकारला गेला. एका परीक्षकाचा शेरा होता की कल्पना फारच सोपी वाटते.

सोपी आहे म्हणून नको! मला हे वाचून हसू आलं आणि रागही आला. आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये सोपं उत्तर दिलं, तर तो कौतुकाचा विषय असायला हवा ना?

अहमद थांबले नाहीत. पत्नी एस्थर पाठीशी उभी राहिली आणि १९७३ चा अख्खा उन्हाळा त्यांनी या एका कामाला दिला. सोबत त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधले मित्र के. आर. राव. जानेवारी १९७४ मध्ये तिघांचा शोधनिबंध छापून आला. त्या पद्धतीचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजेच डीसीटी.

ही करते काय? ढोल-ताशा पथक आठवा. लांबून ऐकलं तर ढोलाचा ठेका नीट कळतो, ताशाचे बारीक बोल विरून जातात. फोटोतही तसंच. गालाचा, आकाशाचा हळूहळू बदलणारा रंग म्हणजे ढोल. केसांची टोकं, कापडाचे धागे म्हणजे ताशा. डीसीटी हे दोन्ही वेगळे करून मांडते. स्वतः काहीच फेकत नाही. पण एकदा वेगळे झाले, की डोळ्याला न जाणवणारे बारीक बदल ढोबळ करता येतात किंवा सोडून देता येतात.

१९८६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती बसली, जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप. आद्याक्षरं घ्या, जेपीईजी! त्यांनी फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनावर डीसीटी लावली, आणि १९९२ मध्ये ते मानक म्हणून मंजूर झालं. वेळही अचूक. वेब तेव्हा नुकतंच जन्मलं होतं. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर १ एमबीचं चित्र उतरवायला जवळपास पाच मिनिटं लागायची. जेपीईजीने दहापट लहान केलं, की अर्धा मिनिट. फोटो असलेलं वेब त्यामुळे वापरण्याजोगं झालं. पुढे २०१० मध्ये गूगलचं वेबपी आलं, तेही फोटो बारीक करताना डीसीटीच्याच कुळातलं गणित वापरतं.

अहमदांचं नाव मात्र बराच काळ इंजिनिअर लोकांपुरतंच राहिलं. २०२१ मध्ये 'धिस इज अस' या अमेरिकन मालिकेने नासिर आणि एस्थर यांची गोष्ट दाखवली, तेव्हा कुठे ते घराघरांत पोचलं.

आता कामाचं. फॉर्मसाठी फोटो करताना आधी क्रॉप करा, मग पिक्सेल कमी करा, आणि क्वालिटी सगळ्यात शेवटी उतरवा. मूळ फोटो जपून ठेवा, कारण जेपीईजी बदलून पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडं आणखी गळतं, आणि गेलेलं परत येत नाही. आलेल्या फॉरवर्डमध्ये चौकोन चौकोन दिसतात ना? ते हेच ८ बाय ८.

आणि मावसभावा, तुझा फॉर्म ज्या गणिताने वेळेत गेला, त्याचा स्वतःचा अर्ज एकदा नाकारला गेला होता. निकाल काहीही लागो, हे लक्षात ठेव. चला, भेटू पुढच्या भागात!