स्ट्राँगमन स्पर्धा: गुणांचे गणित आणि पहिल्या स्पर्धेची तयारी



इकडे ब्रिटनमध्ये नाताळच्या सुट्टीत टीव्ही लावला की हमखास कुठलातरी धिप्पाड गडी ट्रक ओढताना दिसतो. आमची सुरुवात तशीच झाली, सोफ्यावर बसून, चिवडा खात. दोन वर्षांनी मंडळातील आम्ही चौघांनी नवोदितांच्या गटात नाव नोंदवले. तिघे पुरुष आणि आमच्यापैकी एकाची पत्नी, म्हणजे उरलेल्या दोघांची वहिनी. चौघेही आयटीवाले, दिवसभर खुर्चीत. प्रत्यक्ष स्पर्धेत तिघेच उतरले. चौथ्याचे काय झाले ते पुढे येईलच.

'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' ही सर्वांत नावाजलेली स्पर्धा १९७७ साली अमेरिकेत टीव्हीसाठी सुरू झाली. पोलंडच्या मारिउश पुडझियानोव्स्कीने ती पाच वेळा जिंकली, हा विक्रम आहे. इथल्यांपैकी गोळाफेकपटू जेफ केप्स (१९८३, १९८५) आणि अलीकडचा स्कॉटलंडचा टॉम स्टॉल्टमन (२०२१, २०२२, २०२४) ही नावे माहीत असावीत. मात्र दगड उचलून ताकद जोखण्याची रीत टीव्हीपेक्षा फार जुनी. ॲबरडीनशायरमधील पोटार्च येथे लोखंडी कड्या बसवलेले दोन 'डिनी स्टोन्स' आहेत, दोन्ही मिळून सुमारे ३३२ किलो. आपल्याकडच्या तालमीतल्या जोर-बैठका आणि मुद्गल आठवणाऱ्यांना हे जग फारसे परके वाटणार नाही.

स्पर्धा कशी चालते?

एका दिवसात साधारण पाच इव्हेंट असतात. लॉग प्रेसमध्ये ओंडक्यासारखा जाड लोखंडी लॉग मांडीवरून छातीवर आणि तिथून डोक्यावर न्यायचा. फार्मर्स वॉकमध्ये दोन्ही हातांत वजन घेऊन चालायचे. विहिरीवरून दोन भरल्या बादल्या आणण्यासारखेच, फक्त बादली ऐंशी किलोंची. योक म्हणजे शब्दशः जू. बैलाच्या मानेवरचे हे जू माणसाच्या खांद्यावर येते आणि पंधरा-वीस मीटर न्यायचे असते. शिवाय डेडलिफ्ट, टायर उलटणे, वाळूच्या गोण्या वाहणे, वाहन ओढणे यांपैकी काहीही असू शकते. शेवटी बहुधा ॲटलस स्टोन, म्हणजे काँक्रीटचे गोळे क्रमाने ओट्यावर चढवणे. वेळ सहसा ६० किंवा ७५ सेकंद. नवोदित पुरुषांसाठी लॉग ७०-८० किलो आणि योक २०० किलोंच्या आसपास असतो, पण प्रत्येक आयोजकाचे आकडे निराळे. फॉर्म भरण्याआधी ते वाचा. आम्ही भरल्यानंतर वाचले!

आता गुणांचे गणित, कारण खरी मेख तिथेच आहे. दहा स्पर्धक असतील तर इव्हेंट जिंकणाऱ्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असे शेवटच्याला १. बरोबरी झाली तर गुण वाटून मिळतात. दुसऱ्या जागेवर दोघे असतील तर प्रत्येकी साडेआठ. वजन जागचे हललेच नाही तर शून्य. समजा, एकाने पाचपैकी तीन इव्हेंट जिंकले आणि दोनांत भोपळा घेतला: एकूण ३०. दुसरा एकही जिंकला नाही, पण पाचही वेळा तिसरा आला: ४०. म्हणजे तुमचा सर्वांत चांगला इव्हेंट तुम्हाला जिंकून देत नाही, सर्वांत वाईट इव्हेंट मात्र हरवतो. २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रेनो नेल स्टॉल्टमनपेक्षा अवघ्या अर्ध्या गुणाने पुढे राहून जगज्जेता झाला. हा गृहस्थ पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, हे आम्ही घरी जरा जास्तच वेळा सांगितले.

तयारी

बारा आठवडे हातात ठेवा. आठवड्यातून तीन दिवस नेहमीच्या जिममध्ये स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि डोक्यावर वजन दाबणे. शनिवारी जिथे खरे लॉग, योक आणि दगड आहेत अशा जिममध्ये जायचे. हा शनिवार बुडवू नका. बारबेलवर शंभर किलो सहज उचलणारा माणूस लॉगखाली डगमगतो, कारण लॉग छातीपासून पुढे असतो आणि पाठ मागे ओढली जाते. योकमध्ये लांब ढांगा टाकल्या की तो झुलायला लागतो. पावले आखूड आणि भरभर हवीत. हे व्हिडिओ पाहून कळत नाही. पंचांची 'डाऊन' ही खूण येईपर्यंत लॉग वर धरण्याचा सरावही करा, नाहीतर उचललेले वजन मोजले जात नाही.

पकड वेगळी कमवावी लागते. डेडलिफ्टला मनगटाचे पट्टे बहुतेक ठिकाणी चालतात, फार्मर्स वॉकला सहसा नाही. शेवटच्या आठवड्यात जड काही उचलू नका. आणि पहिल्याच स्पर्धेसाठी उपाशी राहून खालच्या वजनगटात शिरण्याचा खटाटोप करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खाण्याबद्दल सर्वांत जास्त प्रश्न येतात. चौघांपैकी दोघे शाकाहारी. वरण-भातातून प्रथिने पुरेशी पडत नाहीत, हे मान्य करून पनीर, दही, सोयाबीन आणि व्हे पावडर यांची भर घातली. जर्मनीच्या पॅट्रिक बबूमियनने पूर्ण वनस्पतिजन्य आहारावर २०१३ मध्ये टोरांटोत ५५० किलोंहून जड योक दहा मीटर नेला होता, हे उदाहरण आईला फोनवर सांगायला उपयोगी पडते. स्पर्धेच्या दिवशी दोन इव्हेंटमध्ये तास-दीड तास जातो. आम्ही दहीभात, केळी आणि चिक्की नेली होती. दहीभात बाकीच्या स्पर्धकांनीच संपवला.

दुखापत

आता चौथ्याची गोष्ट. स्पर्धेच्या चार आठवडे आधी टायर उलटताना त्याने कोपर वाकवून हातांच्या जोरावर तो ओढला. फट् असा आवाज आला आणि कोपराजवळ बायसेप्सचा टेंडन तुटला. नियम साधा आहे: हात सरळ, छाती टायरला टेकलेली, जोर पायांचा. तो त्याला माहीत होता, आम्हालाही होता. पण शेवटची फेरी होती, दम लागला होता आणि आम्ही बाजूला उभे राहून 'अजून एक, अजून एक' ओरडत होतो. तुटलेला टेंडन लवकर शिवावा लागतो, म्हणून 'दोन दिवस बघू' म्हणून थांबू नका. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे तो एका हाताने टाइप करत होता आणि धाकट्या मुलीला उचलून घेता येत नव्हते. त्याच्या घरी जेवायला गेल्यावर वहिनींच्या नजरेला नजर देणे आम्हाला बरेच दिवस जमले नाही.

रक्तदाबही तपासून घ्या. श्वास रोखून जड वजन उचलताना तो फार वाढतो. २०१६ मध्ये लीड्सला एडी हॉलने ५०० किलोंची डेडलिफ्ट केली तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आले होते. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार तिशी-चाळिशीतच डोकावतात, तेव्हा आधी जीपीला भेटा आणि घरात कोणाला काय झाले होते ते लपवू नका.

आमचा निकाल: पुरुषांपैकी एक बारा जणांत सहावा. दुसरा लॉगमध्ये पहिला, पण दगडात भोपळा, म्हणून नववा. वहिनी आठ जणींत एकही इव्हेंट न जिंकता, सगळीकडे दुसरी-तिसरी येत एकूण पहिली! नववा आलेला म्हणजे तिचाच नवरा.

जाता जाता एक. दगडासाठी हातांना राळेचा चिकट लेप लावतात, त्याला टॅकी म्हणतात. साबणाने तो अजिबात निघत नाही, खोबरेल तेलाने निघतो. बाटली बॅगेत ठेवा, आणि गाडीच्या स्टिअरिंगला हात लावण्याआधी वापरा.