पुढच्या लोहारापर्यंतचे अंतर

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया प्रांतातील वस्तुसंग्रहालयांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील ज्या कोनेस्टोगा मालगाड्या जपून ठेवलेल्या आहेत, त्यांच्या डाव्या अंगास एक लहानशी लाकडी पेटी बसविलेली असते. आणि ज्या गाडीच्या साट्यास निळ्या व चाकांस तांबड्या रंगापलीकडे शृंगार म्हणून ठाऊक नाही, तिच्या या पेटीवर मात्र गावच्या लोहाराने आपले सारे कसब खर्ची घातलेले दिसते. झाकणाच्या बिजागऱ्या ठोकून ठोकून ट्यूलिपच्या कळीसारख्या निमुळत्या केलेल्या, कडीच्या पट्टीवर हृदयाकृती, कोयंड्याला सर्पाकार वळण. ही हत्यारांची पेटी होय. सुट्टीसाठी मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून बाहेर पडणारा आजचा अमेरिकन गृहस्थ निघण्यापूर्वी जो पाने-पकडींचा सरंजाम जमवीत बसतो, त्या सरंजामाची वंशावळ शोधू गेल्यास ती या पेटीपाशी येऊन पोहोचते.

पेटीत हातोडा, सांडस, पाना, खिळे, साखळीच्या जादा कड्या, चाक आखावरून निसटू नये म्हणून घालावयाची खीळ, असा माफक ऐवज असे. कुऱ्हाड बाहेर, साट्याच्या अंगावरील खोबणीत. जॅक लाकूड-लोखंडाचा, हाताने फिरवावयाचा, आणि त्यावर पुष्कळदा मालकाची आद्याक्षरे व घडणीचे साल कोरलेले. परंतु सर्वांत महत्त्वाची वस्तू पेटीत नसून गाडीच्या मागील आखाला टांगलेली असे: चीड वृक्षाच्या डांबरात चरबी कालवून केलेल्या वंगणाचे बुधले. लाकडी आख आणि लाकडी तुंबा एकमेकांवर घासत असताना त्यांच्यामध्ये हे काळे वंगण नसेल, तर मजल संपण्याआधीच तुंब्यातून धूर निघू लागे. १७५५ साली ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकच्या फौजेची रसद वाहण्यासाठी बेंजामिन फ्रँक्लिन यांनी याच मुलखातून १५० गाड्या आणि ओझ्याची २५९ घोडी जमवून दिली, तेव्हा चार घोडी व हाक्या यांसह गाडीमागे रोजचे १५ शिलिंग ठरले होते. मोहिमेचा पुरता बोजवारा उडाला, गाड्या व जनावरे गमावली गेली, आणि फ्रँक्लिन यांच्या जामिनकीवर विसंबलेल्या मालकांनी सुमारे वीस हजार पौंडांची मागणी घेऊन त्यांच्याकडे धाव घेतली. सरकारी तिजोरीतून भरपाईचा हुकूम निघेपर्यंत त्या चतुर गृहस्थास सुखाची झोप लागली नसावी.

इतक्या थोर गाडीची हत्यारपेटी एवढी लहान का, असा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर गाडीत नसून रस्त्यावर आहे. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा सुमारे १०० किलोमीटरचा टोलरस्ता १७९० नंतरच्या दशकात बांधून पुरा झाला, आणि त्याच्या दोन्ही अंगांस खानावळी, तबेले आणि लोहारशाळा यांची दाटी झाली. बरोबर न्यावयाचे ते पुढच्या लोहारापर्यंत कसेबसे पोहोचण्यापुरते. आपल्याकडे देशावरील बैलगाडीचेही बहुतांशी असेच होते: नांदत्या गावात सुतार व लोहार हे बलुतेदार असावयाचेच, आणि धाव सैल झाली तर गोवऱ्यांच्या आरात तापवून ती चढवून देणारा माणूस पुढच्या मुक्कामी भेटेल हा भरवसा असे, त्यामुळे गाडीवानाला वंगण, दोरखंड आणि कुऱ्हाड एवढ्यावर निभावता येई. प्रवाशाची पेटी मोठी की लहान, हे त्याच्या दूरदृष्टीपेक्षा वाटेवरील वस्तीवर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे. आणि ज्या वाटेवर ही वस्ती मुळीच नव्हती, तिच्याकडे पाहिले की ते अधिकच दृढ होते.

काळ १८४० नंतरचा. मिसूरी नदीच्या काठावरून ऑरेगनकडे जाणारी वाट सुमारे ३२०० किलोमीटरांची, चार ते सहा महिन्यांची. बहुतेक गाड्या बैलांच्या, कोनेस्टोगाहून पुष्कळ हलक्या. आणि गाडीत वाटभर पुरेल एवढे पीठ, खारवलेले मांस, बिछाने, मुलेबाळे. पूर्वेच्या दमट हवेत घडलेले चाक पश्चिमेच्या कोरड्या माळावर आले की लाकूड आकसे आणि लोखंडी धाव त्याच्यावरून ढिली होऊन खुळखुळू लागे. उपाय दोनच. रात्रीच्या मुक्कामी चाके काढून नदीच्या पाण्यात बुडवून ठेवावयाची, म्हणजे लाकूड फुगून दुसऱ्या दिवसाची मजल निभे. अथवा धाव आणि पाटा यांच्यामधील फटीत लाकडी पाचरी ठोकून वेळ मारून न्यावयाची. कॅप्टन रँडॉल्फ मार्सी यांनी १८५९ साली युद्धखात्याच्या अनुज्ञेने प्रवाशांसाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत चाकांसाठी ओसेज ऑरेंज नावाच्या झाडाचे लाकूड उत्तम, कारण ते फारसे आकसत नाही, आणि ते न मिळाल्यास चांगले मुरलेले पांढरे ओक घ्यावे, असा सल्ला आहे. हत्यारांच्या यादीआधी लाकडाची निवड सांगणारा हा लष्करी अधिकारी मला मोठा शहाणा वाटतो. जे मोडणार नाही, त्याच्या दुरुस्तीचे सामान वाहावे लागत नाही.

परंतु शहाणपण सर्वांच्या वाट्यास येत नाही. लोहार वाटेत भेटणार नाही हे कळल्यावर पुष्कळांनी लोहारशाळाच गाडीत भरली. १८४९ साली कॅलिफोर्नियातील सोन्याच्या बातमीने उठलेली झुंबड फोर्ट लॅरमीच्या परिसरात पोहोचली, तोवर बैलांच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या आणि ओझे टाकल्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. त्याच उन्हाळ्यात सॉल्ट लेकच्या पाहणीसाठी त्या वाटेने गेलेले सरकारी अधिकारी हॉवर्ड स्टॅन्सबरी यांच्या अहवालात रस्त्याकडेला टाकून दिलेल्या वस्तूंची जी जंत्री आहे, ती एखाद्या मालजप्तीच्या पंचनाम्यासारखी वाचावी: मोठाल्या ऐरणी, भाते, लोखंडाचे व पोलादाचे गज, पहारी, सामते, छिन्न्या, कुऱ्हाडी, नांगर, धार लावण्याचे दगड, स्वयंपाकाच्या शेगड्या. यांतील कोणतीही वस्तू निरुपयोगी नव्हती. ज्याने ऐरण टाकली त्याला तिची गरज पुढे पडलीही असेल. परंतु ऐरण वाहता वाहता बैल पडला असता, तर ऐरणीने त्याला उठविले नसते. वंगणावाचून मात्र चालत नसे, आणि डांबर संपले तेव्हा गव्याची चरबीही आखाला चोपडली गेली.

वाटेवरील लोहाराची ही निकड एका जुन्या शिकाऱ्याने या झुंबडीच्या आधीच अचूक हेरली होती. जिम ब्रिजर हा पर्वतांत आयुष्य काढलेला निरक्षर गृहस्थ. त्याने १८४३ साली ग्रीन नदीच्या ब्लॅक्स फोर्क या फाट्यावर एक छोटी गढी उभारली आणि दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या पत्रात, देशांतरास निघालेल्यांच्या वाटेवरच आपण लोहारशाळा थाटली असून लोखंडाचा साठा ठेवला आहे, असे कळविले. केसाळ कातड्यांचा व्यापार बसल्यावर या माणसाने लोहारकीवर भिस्त ठेवावी, यात त्या काळाचे सारे अर्थशास्त्र आले.

पुढे लोहमार्ग आले आणि लांबच्या प्रवासातून गाडी उठली. ती परत आली ती मोटारीच्या रूपाने. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीबरोबर जॅक, पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर, टायर काढण्याच्या सळ्या, पंप आणि ठिगळांचा डबा मिळे, आणि तो शोभेसाठी नव्हता. टायर फुटला की चाक न काढता, रिमवरून टायर ओढून, ट्यूबला ठिगळ लावून, हातपंपाने हवा भरून मार्गस्थ व्हावयाचे. रिमसकट टायर बदलण्याची सोय या गाडीला मिळाली ती १९१९ साली. त्याच १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराचा मोटारतांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला ६२ दिवसांत गेला. तरुण आयझेनहॉवर निरीक्षक म्हणून त्याच्याबरोबर होते, आणि तांड्यात यंत्रदुरुस्तीच्या गाड्यांखेरीज एक फिरती लोहारशाळाही होती. ऐरण पुन्हा चाकांवर चढली होती. या खेपेस तिला ओढणारे इंजिन दमणारे नव्हते, तरी रस्ते आणि पूल मात्र वाटभर खचत होते.

आणि त्याच साली फ्लॉरिडातील टँपा शहराच्या डी सोटो उद्यानात तंबू व मोटारी घेऊन हिवाळा घालविणाऱ्या मंडळींनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना स्थापन केली. रेडिएटरच्या झाकणावर डाख दिलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. डब्यातले अन्न खाणारी आणि तारेच्या तुकड्याने मोटार सांधणारी ही माणसे शिष्टांच्या चेष्टेचा विषय झाली, पण मोटारीमागच्या घराला पहिले गिऱ्हाईक त्यांच्यासारख्यांतूनच लाभले. घर बांधणारा निघाला डेट्रॉइटचा आर्थर शर्मन, धंद्याने जंतुशास्त्रज्ञ. विकत आणलेला कापडी ट्रेलर पावसात जाहिरातीप्रमाणे चटकन उघडेना, तेव्हा त्याने घट्ट भिंतींचा, पेटीसारखा ट्रेलर करविला, १९३० च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात मांडला आणि त्याला नाव दिले ‘कव्हर्ड वॅगन’, म्हणजे ऑरेगनच्या वाटेवरील त्या छपरी गाडीचेच. १९३६ पर्यंत त्याचा कारखाना देशातील ट्रेलरच्या धंद्यात अग्रेसर झाला. त्याच वर्षी वॉली बायम यांचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ निघाला, विमानाच्या पद्धतीने रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचा.

घर मोटारीला जोडल्याने पेटीचा हिशेब पालटला. रस्तोरस्ती गॅरेजे झाली, तशी मोटारीची हत्यारे आटत गेली. परंतु ट्रेलरच्या अंगी विजेचे ब्रेक आले, गॅसची शेगडी आली, पाण्याचे नळ आले, आणि यांपैकी प्रत्येकाने आपापले हत्यार मागितले. गॅसच्या टाकीची जोडणी पूर्वी पुष्कळदा उलट्या आट्याची असे, ती नेहमीच्या दिशेने फिरवणारा ती सोडविण्याऐवजी आवळीत असे. स्क्रू पुष्कळदा चौकोनी खाचेचे, रॉबर्टसन नामक कॅनेडियन गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणलेले. घरची सारी हत्यारे गोळा करूनही तो एक बिट नसेल, तर कपाटाचे दार प्रवासभर हलत राहते. १९५९ साली बायम यांनी ४१ एअरस्ट्रीम केपटाउनहून कैरोला नेण्याचा घाट घातला, तेव्हा इथिओपियाच्या पर्वतांत रस्ता असा नव्हताच. तेथे स्वतःजवळच्या आणि सोबत्यांच्या पेट्यांवरच मदार ठेवून हा तांडा पुढे सरकला आणि १९६० साली पिरॅमिडांच्या पायथ्याशी पोहोचला.

चाकाच्या तुंब्यात आज डांबराऐवजी ग्रीस असते आणि लाकडाऐवजी पोलादी बेअरिंग. तरी वर्षातून एकदा चाक उतरवून, जुने ग्रीस पुसून, नवे हातानेच दाबून भरावे लागते. मोटारीबरोबर मिळालेला जॅक लादलेल्या ट्रेलरला पेलत नाही आणि मोटारीच्या नटांचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेलच असे नाही, म्हणून दोन्ही वेगळे घ्यावे लागतात. हे सर्व सामान ट्रेलरच्या पुढच्या टोकास रचले तर हिचवरचा भार वाढतो आणि पार मागे रचले तर तो इतका घटतो की वेग घेताच ट्रेलर डुलू लागतो. यासाठी जड हत्यारे मोटारीतच ठेवावीत आणि तीही बिछान्यांच्या व पाण्याच्या पिंपांच्या खाली नव्हेत, असे जाणते लोक सांगतात.